आधी फक्त काळ्या पट्ट्या : डिजिटल पियानोबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत असताना पेटी शिकले होते. आता घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणलाय. पाठ गाणी वाजतात, पण मनाने काही वाजवायला गेले की दोन ओळींत हात थांबतो. डाव्या हाताचं काय करायचं तेही कळत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : बारा स्वर एकदम समोर असले की पुढचा कुठला घ्यायचा हे ठरवण्यात लय सुटते, आणि लय सुटली की हात थांबतो. म्हणून सुरुवातीला पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावू नका. काळी तीन, म्हणजे तीन काळ्यांच्या गटातली डावीकडची पहिली, हा सा धरा. पाचही काळ्यांवर भूप रागाचे सा रे ग प ध मिळतात.

मेट्रोनोम, म्हणजे लयीचे ठोके देणारं साधन, ६० वर (मिनिटाला ६० ठोके) ठेवा. डाव्या हाताने, मधल्या सप्तकाच्या लगेच खालच्या सप्तकात, करंगळीने सा आणि अंगठ्याने प एकत्र वाजवा, दर आठ मात्रांनी पुन्हा. पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत टिकतो. पियानोचा सूर उमटल्या क्षणापासून विरत जातो, म्हणून षड्ज-पंचम, म्हणजे सा-प, असा परत परत द्यावा लागतो.

उजव्या हातात पहिले काही दिवस फक्त सा, रे, ग. चार मात्रांत एक वाक्य वाजवा, पुढच्या चार मात्रा रिकाम्या सोडा. मग त्याच वाक्याची सुरुवात तशीच ठेवून शेवट बदला : आधी रे वर थांबला असाल तर आता सा वर या. रिकाम्या मात्रा भरून काढायचा मोह टाळा, पुढचं वाक्य तिथेच सुचतं. चूक झाली तरी मागे जाऊन दुरुस्त करू नका, मेट्रोनोमबरोबर पुढे चला. हे जमलं की प आणि ध घ्या.

नंतर डाव्या हातात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, आणा. पाच काळ्यांत तीन सुरांचे दोनच नेहमीचे कॉर्ड बसतात : सा-ग-प हा मेजर आणि ध-सा-ग हा मायनर. आठ मात्रा एक, आठ मात्रा दुसरा. उजव्या हातातलं तेच वाक्य दुसऱ्या कॉर्डवर किती वेगळं लागतं ते नीट ऐका. सगळी गंमत या ऐकण्यात आहे.

मग पट्ट्या त्याच ठेवून सा हलवा. काळी चारला सा मानलं की मधमाद सारंगाचे स्वर, काळी पाचवर मालकंसाचे, काळी एकवर दुर्गाचे, काळी दोनवर धानीचे. मूर्च्छना म्हणतात ती हीच. मालकंसात पंचम नाही, तेव्हा डाव्या हातात सा-म ठेवा. राग अर्थात चलनाने, म्हणजे स्वर कसे पुढे-मागे जातात त्याने, उभा राहतो, आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, पियानोवर निघत नाही. तिथे कणस्वरावर, म्हणजे मुख्य सुराआधी ओझरता लावलेल्या सुरावर, भागवावं लागतं.

पेटीची एक सवय मात्र मोडावी लागेल. तिथे आवाजाचा जोर भात्यावर असतो, इथे पट्टी किती वेगाने खाली जाते यावर. सगळे सूर एकाच जोराने येत असतील तर टच सेटिंग 'फिक्स्ड' वर आहे का पाहा, ते 'मीडियम' करा.

प्रश्न : रात्री ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायचं आहे, पण पियानोला तो जोडलाच जात नाही. शिवाय खालच्या मजल्यावरून ठकठक ऐकू येते अशी तक्रार येते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : बऱ्याच डिजिटल पियानोंचं ब्लूटूथ फोनवरचं गाणं पियानोच्या स्पीकरवर ऐकण्यासाठी असतं, हेडफोनला आवाज पाठवण्यासाठी नसतं. वेगळा ट्रान्समीटर लावून जोडलात तरी आवाज साधारण ०.१ ते ०.२ सेकंद उशिरा येईल, आणि तेवढ्यात लय ढासळते. वायरचाच हेडफोन घ्या. पियानोचं छिद्र ६.३ मिमीचं असेल तर ३.५ मिमीचा स्टीरिओ अडॅप्टर लागेल. मोनो घेतलात तर आवाज एकाच कानात येऊ शकतो.

ठकठक पट्ट्यांखालच्या हातोड्यांची आणि पेडलची असते. ती स्टँडच्या पायांतून फरशीत उतरते, हेडफोनने थांबत नाही. पायांखाली आणि पेडलखाली जाड रबरी मॅट घाला, स्टँड भिंतीला टेकू देऊ नका. पूर्ण बंद होणार नाही, बरीच कमी होईल.

प्रश्न : तानपुऱ्याच्या अ‍ॅपबरोबर वाजवताना गंधार चढा लागतो. वाद्य बिघडलंय का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : वाद्य ठीक आहे, तुमचा कान तयार आहे. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यात शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर येतो (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हा १४ सेंटचा फरक तुम्हाला बोचतो. मेनूमध्ये 'टेम्परामेंट' (सूर जुळवण्याची पद्धत) असेल तर 'प्युअर मेजर' निवडा आणि बेस नोट म्हणून तुमचा सा द्या. मात्र सा बदललात की बेस नोटही बदला. आणि या सेटिंगवर रे-ध ही जोडी बेसूर लागते, त्यामुळे कॉर्ड वाजवायचे असतील तेव्हा पुन्हा 'इक्वल' वर या.

प्रश्न : पेडल उलटं चालतं : पाय काढला की सूर लांबतो, दाबला की तुटतो.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बहुतेक पियानो चालू होताना पेडल तपासतात, त्या वेळी पाय पेडलवर असेल तर उलटं धरलं जातं. बंद करा, पाय काढा, पुन्हा चालू करा. तरीही तसंच राहिलं तर पेडल दुसऱ्या बनावटीचं असेल. त्याच्या खालच्या बाजूला पोलॅरिटीचा छोटा स्विच असतो का पाहा आणि तो सरकवा.