झाडतोडीचा स्वतःचा ठेका सुरू करायचा, तर काय काय लागतं?

कोकणात खाजगी जमिनीतली झाडं तोडायचे ठेके मी घेतो. हेल्मेट आणि जाड बूट आधी घ्या, पेट्रोल कटर, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, मग. शिवाय जाड दोर, लाकडी पाचर, कुऱ्हाड, कोयता. लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल मोजूनच घाला, अंदाजाने घातलं की पिस्टन जातो. साखळीची धार भुशावरून कळते: जाडसर चुरा उडत असेल तर ठीक, पिठासारखा भुसा पडू लागला की लगेच कानस काढा. बोथट साखळीवर जोर देताना माणसं जखमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात काम जवळपास बंद असतं, तेवढे पैसे बाजूला ठेवा. साग, खैर अशा झाडांना महाराष्ट्राच्या 1964 च्या झाडतोड कायद्याखाली परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय मालकाला तारीख देऊ नका.