फॉर्म क्रोममध्ये जातोय, सफारीत नाही? आधी पेलोड बघ

कोडला एवढ्यात हात लावू नकोस. दोन्ही ब्राउझरांत डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून फॉर्म पाठव आणि पेलोड, म्हणजे ब्राउझर सर्व्हरला पाठवतो ती माहिती, शेजारी-शेजारी ठेवून बघ.

तुझ्या निपाणीच्या ऑर्डर फॉर्ममध्ये मला तारखेचा संशय आहे. पडद्यावर काहीही दिसो, तारखेच्या कप्प्यातली (type=date) तारीख क्रोम वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवतो. मॅकवरच्या १४.१ (२०२१) आधीच्या सफारीत मात्र तो कप्पा साधा मजकुराचा होतो. गिऱ्हाईक ५/६/२४ टाइप करतं आणि तेच सर्व्हरला जातं. म्हणून तपासणी सर्व्हरवर हवीच. आणि कोडमध्ये नाव (name) न दिलेला कप्पा तर कुठलाच ब्राउझर पाठवत नाही.

एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं संगणकात लिहायची पद्धत, यूटीएफ-८ ठेव; तिच्यात सगळ्या लिपी बसतात. आपल्याकडे नाव मराठीत आणि पत्ता कन्नडमध्ये असं सर्रास येतं, तेव्हा दोन्ही लिपींत भरून बघ.