पिशवीतले पांढरे धागे

प्रश्न : आईचं डायलिसिस घरीच, सीएपीडी पद्धतीने (पोटात नळीने पाणी सोडून काही तासांनी ते पिशवीत काढून घेणं) चालू आहे. आठवड्यातून एक-दोनदा बाहेर निघालेल्या पाण्यात कापसाच्या तंतूंसारखे पांढरे धागे दिसतात. डॉक्टर म्हणाले, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं धाग्यांसारखं प्रथिन) आहे, पोट बरंचसं स्वतःच विरघळवतं. मग उरतं कशाला? आणि हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पिशवीत नेमकं किती घालायचं?

उत्तर : पोटाच्या आतून आणि आतड्यांवरून पेरिटोनियमचं पातळ अस्तर असतं. त्याचा वरचा थर मेसोथेलियल पेशींचा, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. अस्तर खरचटलं किंवा सुजलं, की रक्तवाहिन्यांतून फायब्रिनोजेन हे प्रथिन झिरपतं आणि त्याचं चिकट फायब्रिन होतं. ते साफ करायला याच पेशी टीपीए नावाचं एन्झाइम सोडतात. टीपीएमुळे रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनचं प्लाझ्मिन होतं आणि प्लाझ्मिन फायब्रिनचे तुकडे पाडतं. पण टीपीएला अडवणारा पीएआय-१ हा पदार्थही याच पेशी बनवतात. सूज असली की टीपीए घटतं, पीएआय-१ वाढतं. फायब्रिन जास्त आणि साफसफाई कमी, म्हणून उरलेलं पिशवीत दिसतं.

पाणी स्वच्छ आहे आणि नीट वाहतंय, तर अधूनमधून येणाऱ्या धाग्यांनी घाबरू नका. पिशवी छापील कागदावर ठेवून पाहा. पाण्यातून अक्षरं वाचता आली नाहीत, तर पाणी गढूळ आहे, मग पोट दुखत नसलं तरी. अशी पिशवी ओतून टाकू नका. त्याच दिवशी डायलिसिस केंद्रात न्या. तपासणीत दर मायक्रोलिटरला १०० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यात निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) निघाले, तर जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू होतात.

हेपॅरिन डॉक्टरांनी लिहून दिलं तरच. नेहमीचं प्रमाण लिटरला ५०० युनिट, म्हणजे दोन लिटरच्या पिशवीत १,००० युनिट. घोटाळा होतो तो बाटलीवरून. एका मिलिलिटरमध्ये १,००० युनिट असतील तर १ मिलि लागतं. ५,००० असतील तर फक्त ०.२ मिलि. दर वेळी लेबल वाचा. हेपॅरिन नवं फायब्रिन होऊ देत नाही, झालेला धागा विरघळवत नाही. त्यामुळे कॅथेटर (पोटात बसवलेली नळी) आधीच तुंबला असेल तर घरी खटपट नको. पिशवी जोरात दाबून पाणी ढकलू नका. आधी नळी कुठे मुडपली आहे का आणि आईला बद्धकोष्ठ आहे का, हे पाहा. पाणी अडण्याचं कारण पुष्कळदा तेच निघतं.

प्रश्न : सिझेरियननंतर आतडी चिकटली आहेत. सूज उतरवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांनी ती सुटतील का?

उत्तर : नाही. शस्त्रक्रियेत दुखावलेल्या जागीही असंच फायब्रिन साचतं. ते तीनेक दिवसांत विरघळलं तर काही मागे राहत नाही. राहिलं, तर त्यात ऊती बांधणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी शिरतात, कोलेजन हे मजबूत प्रथिन घालतात, पुढे रक्तवाहिन्या आणि चेतातंतूही वाढतात. तुमच्या पोटात आता फायब्रिन नाही, तयार ऊतींचा पट्टा आहे. म्हणून खबरदारी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच घ्यावी लागते : ऊती ओलसर ठेवणं, कमीत कमी हाताळणं, बिनपावडरचे हातमोजे. त्रास नसेल तर पट्टे कापायलाही जाऊ नये, कारण कापलेल्या जागी पुन्हा फायब्रिन साचतं. पोटात कळा, उलट्या, पोट फुगणं आणि वायू न सरणं असं एकदम सुरू झालं, तर तोंडाने काही न घेता थेट रुग्णालय गाठा.