एकच कॉम्प्युटर घ्या, पण खर्चाचे दोन भाग करा

प्रश्न: मी कोल्हापुरात घरून वेबसाइट बनवण्याचं काम करते. वर्षाला साधारण ९ लाख जमा होतात, पण सगळे महिने सारखे नसतात. मिस्टर नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन दुकानांचे हिशेब टॅलीवर करतात. मुलगा अकरावीत आहे, त्याला गेमिंगसाठी पीसी हवाय. घरचा लॅपटॉप जुना, विंडोज १० वर चालणारा. तिघांत मिळून एकच असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायचा आणि विंडोजचा खर्च टाळायला त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली) टाकायचं, असं चाललंय. कोटेशन १,४२,००० रुपयांचं आहे, त्यात ग्राफिक्स कार्डच ४६,००० चं. बचत खात्यात २,६०,००० आहेत, दीड लाखाची एफडी चार महिन्यांनी पूर्ण होते, घरखर्च महिना ५०,०००. एफडी मोडू की नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? व्यवसायाच्या नावाने घेतलं तर टॅक्स वाचेल, असं दुकानदार सांगतो.

उत्तर: ताई, आधी दुकानदाराचं बोलणं बाजूला ठेवू. तुमच्यासारख्या व्यावसायिकांना अनुमानित पद्धतीने विवरणपत्र भरता येतं, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. ९ लाखांचे साडेचार लाख. यात कॉम्प्युटरचा घसारा (वापराने दरवर्षी घटणारी किंमत, जी खर्च म्हणून दाखवतात) आधीच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्यच होतो. मुळात कर नाही, तर वाचणार काय? जीएसटीचंही तसंच. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे. तुमची नोंदणी नसेल तर बिलातला १८ टक्के जीएसटी परत मिळत नाही, तो किमतीचाच भाग समजा. पक्कं बिल मात्र घ्याच, प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरसकट. असेंबल्ड मशीनला एकच अशी वॉरंटी नसते. प्रोसेसर, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क), प्रत्येकाची वेगळी. प्रोसेसर डब्यातलाच मागा. ‘ट्रे’मधला, म्हणजे डब्याशिवाय सुटा मिळणारा, थोडा स्वस्त पडतो, पण कंपनीची वॉरंटी सहसा त्याला नसते.

आता मुद्द्याचं. लिनक्समुळे वाचतात दहा हजारांच्या आसपास, आणि कार्डाला लागतात ४६,०००. घरात चर्चा पहिल्या आकड्याची चाललेली दिसते. मला विचाराल तर या कोटेशनमध्ये दोन खरेद्या एकत्र बांधल्या आहेत: एक तुमच्या कमाईचं हत्यार, दुसरी मुलाची हौस. हौस वाईट नाही, पण तिचा पैसा वेगळा हवा.

सहा महिन्यांचा घरखर्च म्हणजे ३ लाख. तुमचं उत्पन्न वरखाली होतं, तेव्हा याला हात लावायचा नाही. खातं आणि एफडी मिळून ४,१०,००० होतात, म्हणजे आज मोकळे १,१०,०००. कार्ड सोडून उरलेलं मशीन ९६,००० चं. ते खात्यातून रोखीने घ्या. एफडी मोडायची गरज नाही आणि ईएमआयचीही नाही.

नो-कॉस्ट ईएमआयचं गणित एकदा बघून ठेवा. १,२०,००० ची वस्तू, १२ हप्ते, बँकेचा दर १५ टक्के धरू. बँक व्याज लावतेच, साधारण ९,२००. तेवढी सूट आधी दिली जाते, म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो, म्हणजे १,६५० च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. आणि रोख देणाऱ्याला दुकानदार जे दोन-तीन हजार सोडतो, तेही गेले.

कार्ड मागे ठेवायचं तर कोटेशनमधली एक ओळ बदलावी लागेल. तुम्ही पाठवलेल्या यादीत रायझन ५ ७५००एफ हा प्रोसेसर आहे. त्या ‘एफ’चा अर्थ, आत ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. ‘एफ’ नसलेला ७६०० घ्या. थोडे जास्त जातील, पण कार्ड कधी घ्यायचं हे तुमच्या हातात राहील. एसएमपीएस मोठाच असू द्या, म्हणजे नंतर तो बदलावा लागणार नाही. रॅम ३२ जीबी आहे ती कमी करू नका. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या मागणीने रॅमचे भाव चढले आहेत हे खरं, पण तुमचं काम त्यावरच चालणार आहे.

टॅलीचं काय? ते विंडोजसाठी बनलेलं आहे. लिनक्सवर चालवायच्या युक्त्या आहेत, पण दुसऱ्याच्या दुकानाचे हिशेब जुगाडावर ठेवू नयेत. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) विंडोज घाला आणि त्याचं लायसन्स रीतसर विकत घ्या. पाचशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’च्या नादी लागू नका. टॅलीचं लायसन्स जुन्या लॅपटॉपवरून आधी सरेंडर करायला, म्हणजे तिथून मोकळं करायला, मिस्टरांना सांगा, मगच नव्यावर चढवा. म्हणजे दहा हजार वाचायचे होते, ते इथे गेले. तरी लिनक्स घ्या असंच म्हणेन, कारण तुमच्या कामाला ते उत्तम आहे. पैसे वाचतात म्हणून नको, एवढंच.

मुलाशी बोलताना किमतीवरून सुरुवात करू नका. तो खरोखर खेळतो ते पाच गेम लिहून मागा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या प्रोटॉन नावाच्या सॉफ्टवेअरमुळे २०१८ पासून विंडोजचे पुष्कळ गेम लिनक्सवर चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर थेट चालतात. पण यादीत व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट असेल तर ४६,००० चं कार्ड त्यासाठी निरुपयोगी, कारण खेळातली फसवणूक रोखणारी त्यांची यंत्रणा लिनक्सवर गेम चालू देत नाही. व्हर्च्युअल मशीनमधल्या विंडोजवरही व्हॅलोरंट चालणार नाही. जीटीए ५ चा एकट्याने खेळायचा कथेचा भाग लिनक्सवर चालतो, ऑनलाइन भाग तिथे सप्टेंबर २०२४ पासून बंद. कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर एकेक नाव शोधायला त्यालाच बसवा. अकरावीच्या मुलाला हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर जमतं. कार्ड घ्यायची वेळ आली तर एएमडीचं बघा, त्याचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लिनक्समध्येच येतात.

कार्डासाठी वेगळं रिकरिंग डिपॉझिट उघडा, महिना ६,०००. आठव्या महिन्यात ४६,००० जमतात. तोवर यादीतले हलके गेम आतल्या ग्राफिक्सवर चालतात का ते बघता येईल. चार महिन्यांनी एफडी पूर्ण झाली की मुलगा तिकडे बोट दाखवेल. तेव्हा तिचं नूतनीकरण करा.

शेवटचा प्रश्न वेळेचा. रात्री क्लायंटचा कॉल आणि मुलाचा गेम एकाच वेळी आला तर? जुना लॅपटॉप विकू नका. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, म्हणून टॅली हलवून झाल्यावर त्यावर लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचा एक सोपा प्रकार, टाका. कॉल आणि मेलला पुरेल. नव्या मशीनवर तिघांची तीन खाती, तुमचा पासवर्ड तुमच्यापाशीच, आणि क्लायंटच्या फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर.

कोटेशनमध्ये ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो साधारण ३६० वॅटचा. आज पुरेल, पण कार्ड लागल्यावर गेम चालू असताना वीज गेली तर तो भार न पेलून बंद पडेल. आत्ताच १ केव्हीएचा घ्या. मोकळ्या १,१०,००० मधले उरलेले १४,००० विंडोजच्या लायसन्सला, प्रोसेसरच्या फरकाला आणि या यूपीएसला लागतील. हजार-दोन हजार कमी पडले तर मॉनिटर एक पायरी खालचा चालेल.