भाड्याचं ऑक्सिजन मशीन बिघडलंय आणि दुकानवाला फोन उचलत नाही. इंदूरमध्ये काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईंचं मशीन तीन दिवस अधूनमधून बीप करतंय आणि डिपॉझिट अडकलंय म्हणून दुसरीकडून मशीन घ्यायला मन धजत नाही. डिपॉझिटचं नंतर बघू. आज संध्याकाळच्या आत घरात दुसरा ऑक्सिजन आणा.

इतकं निक्षून सांगतोय, कारण आम्ही वाट बघत बसलो होतो. बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. दवाबाजारात चौकशी करून एकाकडून मिनिटाला पाच लिटर देणारं मशीन भाड्याने घेतलं. महिन्याभरात ते कुरकुरायला लागलं. फोन केला की एकच उत्तर, "भैया, लड़का निकल गया है." दोन दिवस हेच ऐकलं, कुणी आलं नाही. दुसऱ्या रात्री मशीनवरचा पिवळा दिवा लागला. आई म्हणाली, मशीनच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतायत ना, मग चालू आहे. मलाही तसंच वाटलं. बाबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 81. 108 ला फोन केला आणि ॲम्ब्युलन्समधल्या सिलिंडरवर त्यांचा आकडा चढला.

बुडबुड्यांवरून फक्त हवा वाहतेय एवढंच कळतं. मशीनमधले झिओलाइटचे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून येतो, चांगल्या मशीनमधून साधारण 90 ते 96 टक्के. ओलाव्याने किंवा फार वापराने दाणे निकामी झाले की नायट्रोजनही नळीत येतो. बुडबुडे मात्र तेवढेच दिसतात. बाहेरचा स्पंजचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून लावा, मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. कधी कधी तेवढ्यानेही बीप थांबतं. थांबलं तरी सिलिंडर आणाच.

बी टाइप सिलिंडर भरलेला असेल तर त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर बारा तास निघतात, म्हणजे रात्र पार पडते. रेग्युलेटर आणि चावी सोबत आहे ना ते बघा, आणि आणणारा माणूस दारात असतानाच एकदा उघडून घ्या. आमची चावी सुतळीने सिलिंडरच्या गळ्यालाच बांधलेली आहे, रात्री शोधत बसावं लागत नाही. वॉल्व्हला तेल-ग्रीस अजिबात लावू नका, आणि जवळ देवाचा दिवासुद्धा नको. आकडा घसरला म्हणून आपल्या मनाने फ्लो, म्हणजे मिनिटाला किती लिटर सोडायचा तेही, वाढवू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याच्या खाली गेलं तर सरळ 108.

नवीन मशीन घेताना भाड्यात शंभर-दोनशे कमी करून घेण्यापेक्षा एक गोष्ट मागा: नळीतून किती टक्के ऑक्सिजन येतोय ते मोजणारा ऑक्सिजन ॲनालायझर लावून दाखवा. आईंना जेवढा फ्लो लागतो त्यावर, मशीन पंधरा मिनिटं चालल्यावर. जो दाखवायला टाळाटाळ करेल त्याचं मशीन घेऊ नका. मशीन किती तास चाललंय तो आकडाही मीटरवर दिसतो, त्याचा फोटो काढा. बिघडलं तर किती तासांत बदलून देणार, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्दावर मी पुन्हा कधीच विसंबणार नाही.

आता डिपॉझिट. फोन करणं थांबवा, व्हॉट्सॲपवर लिहा: मशीन कधीपासून बंद, किती वेळा कळवलं, पैसे कधीपर्यंत हवेत. सोबत बीपचा व्हिडिओ टाका. मशीन अडवून ठेवलंत तर भाडं चढत राहील, म्हणून परत करा, पण मिळाल्याची सही घेऊनच. तरी दाद दिली नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे हिंदीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही दुकानदाराला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते, तेव्हा घाई नाही.

आमचं डिपॉझिट 1915 वर तक्रार केल्यावर सव्वा महिन्याने आलं, 800 रुपये कापून. त्या आठशेंसाठी मी भांडलो नाही, बाबांकडे लक्ष द्यायचं होतं.

आईंना किती लिटरचा फ्लो सांगितलाय आणि आत्ता आकडा किती आहे, ते कळवा.