मुलांसाठी लिहिते, पण शिकवलं कधीच नाही. लेखन कार्यशाळा कशी घेऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलांसाठीची तीन पुस्तकं तुमच्या नावावर आहेत, एका वाचनालयाने 10 ते 13 वयाच्या मुलांसाठी तीन दिवसांची लेखन कार्यशाळा घ्याल का म्हणून विचारलंय, तुम्ही वर्गासमोर कधी उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि मुळात मुलांना ‘लिहायला’ शिकवता येतं का हीच तुम्हाला शंका आहे.

मीही मुलांसाठीच लिहिते आणि गेली बारा-तेरा वर्षं अशा कार्यशाळा घेते. तुमची शंका मलाही होती, अजून थोडी आहे. पण एक गोष्ट पक्की कळली आहे. या वयाच्या मुलांनी आजवर जे काही लिहिलेलं असतं ते सगळं कुणीतरी तपासलेलं असतं. वाचलेलं फार क्वचित असतं. तपासणारा चूक शोधतो, वाचणाऱ्याला पुढे काय झालं ते हवं असतं. तुम्ही लेखिका आहात म्हणजे अट्टल वाचक असणारच. तेवढ्या भांडवलावर जा. शिकवण्याचा अनुभव नाही हे एका परीने बरंच आहे.

मी पहिल्या कार्यशाळेला जय्यत तयारी करून गेले होते. कथेचे घटक, पात्ररचना, संघर्ष, कळस, सगळं चाळीस स्लाइड्समध्ये. मुलांनी ते वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं, काहींनी शीर्षकांखाली लाल रेघाही मारल्या. शेवटी उरलेल्या पंधरा मिनिटांत गोष्टी लिहायला सांगितल्या. सगळ्या गोष्टींत एक प्रामाणिक मुलगा होता आणि सगळ्यांच्या खाली ‘तात्पर्य’ होतं. परतताना फार शरम वाटली.

आता कामाचं. मुलं पंधरापर्यंतच घ्या. वीसच्या वर गेली तर मदतीला दुसरं कुणीतरी मागा, कारण प्रत्येकाच्या शेजारी दोन मिनिटं बसणं हाच या कामाचा गाभा आहे आणि तीस मुलांत ते होत नाही. एका बैठकीला दीड तास पुरे. आईवडील खोलीबाहेर. शिक्षक थांबणार असतील तर त्यांच्याही हातात कागद द्या, त्यांनीही लिहायचं. नुसतं बघत उभं राहिलेलं मोठं माणूस खोलीत असलं की मुलं त्याच्यासाठी लिहायला लागतात.

आणि सुरुवातीलाच खोडरबर गोळा करा. हसू नका, माझ्याकडे त्यासाठी एक खास डबा आहे. या वयातली निम्मी मुलं पहिलं वाक्य लिहितात, खोडतात, परत तेच लिहितात, परत खोडतात, शेवटी कागद फाटतो. चुकलं तर आडवी रेघ मारायची आणि पुढे जायचं. खोडलेलं दिसत राहिलं की कधीकधी तेच बरं होतं हेही लक्षात येतं.

पहिल्या दिवशी पहिली दहा मिनिटं मी दोन शब्दांचा खेळ घेते. हा माझा नाही. इटलीचे बालसाहित्यकार जानी रोदारी यांचा आहे. 1970 मध्ये त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला, आणि 1972 मध्ये रेज्जो एमिलिया या गावात शिक्षकांबरोबर त्यांच्या ज्या बैठका झाल्या, त्यांतून गोष्टी रचण्याच्या युक्त्यांवरचं त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात ही युक्ती आहे. एका मुलाने फळ्याच्या पुढच्या बाजूला एक शब्द लिहायचा, दुसऱ्याने त्याला न बघता मागच्या बाजूला. मग दोन्ही एकत्र वाचायचे. शब्द एकमेकांपासून जितके लांबचे तितकं चांगलं. घोडा आणि खोगीर घेतलेत तर काहीच घडत नाही, ते आधीपासूनच एकमेकांचे आहेत. रोदारींचं उदाहरण कुत्रा आणि कपाट. मराठीत तर हा खेळ फारच रंगतो, कारण आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आहेत. कपाटातला कुत्रा. कुत्र्याचं कपाट. कपाटाला कुत्रा. कुत्र्यामुळे कपाट. प्रत्यय बदलला की गोष्टच बदलते. मुलांना विभक्तीचा कंटाळा असतो, पण इथे तीच मुलं ‘शी लावा, शी लावा’ म्हणून ओरडतात.

एकदा ‘जिना’ आणि ‘शिंक’ असे शब्द आले. जिन्यातली शिंक, शिंकेचा जिना करत करत एका मुलीने ‘जिन्याला शिंक’ लावलं आणि लगेच म्हणाली, “जिन्याला शिंक आली म्हणून सगळी माणसं एकदम दोन मजले खाली पोचली.” त्या दिवशी कल्पनाशक्तीवर मला एक शब्दही बोलावा लागला नाही.

मग सात मिनिटं लिखाण. सातच, घड्याळ लावून. तुम्हीही त्यांच्याबरोबर लिहा, आणि वाचायची वेळ आली की आधी तुमचं वाचा. सात मिनिटांत तुमचंही कच्चंच होणार, आणि छापील पुस्तकं असलेल्या ताईंचं पहिलं पान असं दिसतं हे मुलांनी बघायलाच हवं.

हमखास एक मुलगा दुसऱ्याच मिनिटाला येऊन ‘झालं’ म्हणतो. एकाने मला हे दिलं होतं: ‘एक मुलगा होता. त्याच्याकडे सायकल होती. ती हरवली.’ पूर्वी मी ‘अजून थोडं वर्णन कर’ म्हटलं असतं, आणि त्याने ‘सायकल लाल व सुंदर होती’ असं घालून आणलं असतं. त्या दिवशी मी विचारलं, “हरवली हे त्याला कळलं कधी?”

“शाळा सुटल्यावर.”

“जिथे लावली होती तिथे काय होतं मग?”

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “कुलूप होतं.”

“तोडलेलं?”

“नाही. लावलेलंच होतं. नुसतं कुलूप, बंद.”

माझ्या अंगावर काटा आला आणि तो त्याला दिसला. कागद घेऊन तो जागेवर गेला आणि दीड पान लिहून आला. शेवट काही जमला नाही. पण बंद कुलूप तसंच ठेवून सायकल गेली कशी, हा प्रश्न त्याने स्वतः काढला होता.

असेच प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही आणि खरंच ऐकायचं आहे, असेच. ‘त्याला कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘खूप वाईट वाटलं’ इतकंच हाती येतं. त्याच्या खिशात काय होतं, दार कुणी उघडलं, तेव्हा घरात आवाज कसला येत होता, हे विचारलं की मूल डोळे मिटून बघायला लागतं. दोन प्रश्नांवर थांबा. तिसऱ्या प्रश्नाला ती तुमची गोष्ट व्हायला लागते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक सुरुवात रचा. सॅन फ्रान्सिस्कोत 2002 मध्ये सुरू झालेलं ‘826 व्हॅलेन्सिया’ आणि लेखक रॉडी डॉइल यांनी सहकाऱ्याबरोबर 2009 मध्ये डब्लिनला सुरू केलेलं ‘फायटिंग वर्ड्स’ ही मुलांच्या लेखनाची दोन गाजलेली केंद्रं, आणि दोन्हीकडे ही पद्धत मुरलेली आहे. शाळेचा वर्ग आला की मुलं बोलून पात्रं ठरवतात, पहिले काही परिच्छेद सगळ्यांसमोर टाइप होतात, आणि गोष्ट ऐन अडचणीत आली की थांबायचं. पुढचं ज्याचं त्याने लिहायचं. (पहिल्या केंद्राच्या जागेत दुकान असणं कायद्याने सक्तीचं होतं, म्हणून त्यांनी दर्शनी भागात समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं. अशी सक्ती आपल्यावर कुणी करत नाही याचं मला दुःख आहे.) कोऱ्या कागदाची भीती यात आपोआप जाते, आणि एकाच सुरुवातीचे पंधरा शेवट ऐकताना मुलांना कळतं की ‘बरोबर उत्तर’ असं इथे काही नसतं. पात्रं मात्र नवीच हवीत. कार्टूनमधला किंवा गेममधला कुणी आत आला की त्याची गोष्ट आधीच ठरलेली असते.

यावरून आठवलं. झोंबी, बंदुका, रक्त हे येणारच. अडवू नका. एवढंच विचारा की तो झोंबी आधी काय काम करायचा. ‘आणि तेवढ्यात त्याला जाग आली’ हा शेवट मात्र मी पहिल्याच दिवशी बाद करते. कार्यशाळेतली ती एकमेव बंदी.

कविता घेणार असाल तर यमकांना सुट्टी द्या. अमेरिकन कवी केनेथ कोक 1968 पासून न्यूयॉर्कमधल्या एका शाळेत मुलांकडून कविता लिहून घेत होते, तेही यमक नको म्हणत. प्रत्येक ओळ ‘माझी इच्छा आहे की...’ अशा काही ठरावीक शब्दांनी सुरू करायची, एवढीच चौकट देत. माझाही अनुभव तोच आहे: यमक शोधायला लागलं की मूल ‘छान’ला ‘पान’ जुळवतं आणि जे सांगायचं होतं ते राहून जातं.

वाचून दाखवणं ऐच्छिक ठेवा. ऐकणाऱ्यांनी ‘छान होती’ म्हणायचं नाही. कान देऊन ऐकताना जे डोळ्यांसमोर आलं आणि अजून आठवतंय, ते एक सांगायचं. ‘मला ते कुलूप दिसलं’ हे ऐकल्यावर त्या मुलाचा चेहरा जो झाला, तो कुठल्याही शेऱ्याने झाला नसता.

एक गंभीर बाब, तिची तयारी आधीच करा. कधीतरी एखादं मूल गोष्टीच्या आडून स्वतःचं काही लिहितं. घरातली मारहाण, आणखीही काही. ते पान सगळ्यांपुढे वाचलं जाऊ देऊ नका, मुलाची उलटतपासणी घेऊ नका, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन चुकूनही देऊ नका. अशा वेळी कुणाशी बोलायचं, हे आयोजकांकडून पहिल्या दिवसाआधी ठरवून घ्या आणि त्याच दिवशी बोला. माझ्यावर ही वेळ दोनदा आली. पहिल्यांदा मी काहीच ठरवलेलं नव्हतं आणि रात्रभर जागी होते.

तिसरा दिवस पुन्हा लिहिण्याचा. याचा मुलांना मनापासून तिटकारा असतो. मी एकच गोष्ट करून घेते: पहिली तीन वाक्यं हाताने झाकायची आणि चौथ्यापासून वाचायचं. दहापैकी सहा-सात वेळा गोष्ट तिथूनच सुरू होत असते. आधीच्या तीन वाक्यांत गजर वाजलेला असतो, मुलगा उठलेला असतो आणि त्याने दात घासलेले असतात.

शुद्धलेखनाचं आईवडील विचारतीलच. पहिले दोन दिवस त्याला हात लावू नका. घरच्या बोलीतले शब्द आले तर तिसऱ्या दिवशीही नको, विशेषतः संवादात. संवादाची भाषा प्रमाण केली की सगळी पात्रं बातम्या वाचल्यासारखी बोलायला लागतात.

शेवटी पुस्तिका. वाचनालयवाले हमखास म्हणतील की मुलांच्या गोष्टींची पुस्तिका काढू. जरूर काढा, छापून आलेलं नाव मुलं जपून ठेवतात. पालकांची संमती घ्या आणि संपादन शक्य तितकं कमी करा. माझ्याकडे एका अकरा वर्षांच्या मुलीने मांजर हरवल्याची गोष्ट लिहिली होती. दोन पानं शोधाशोध, आणि शेवट असा: ‘मग आम्ही तिची वाटी धुतली. आता बाबा त्यात खिळे ठेवतात.’ मला तो शेवट तुटका वाटला. घाई होती, तिला न विचारता मी खाली एक ओळ जोडली: ‘पण तिची आठवण मात्र आमच्या मनात कायम राहिली.’ पुस्तिका छापून आली, छोटा कार्यक्रम झाला, एकेक मूल पुढे येऊन आपली गोष्ट वाचत होतं. ही आली, नीट सावकाश वाचत खिळ्यांपर्यंत पोचली, तिथे थांबली, पुस्तिका मिटली आणि जागेवर जाऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी ओळ तिने वाचलीच नाही.

आता छापण्याआधी मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघते, तेही ज्याचं त्याला दाखवून.