एका टूलमध्ये १२, दुसऱ्यात ३८, प्लॅनरमध्ये 'हाय': खरं कोण?

तुमची दादरच्या घरगुती मोदकांची वेबसाइट आहे. एकाच कीवर्डवर, म्हणजे लोक गूगलवर शोधतात त्या शब्दावर, वर येणं किती अवघड आहे ते तुम्ही टूल्समध्ये पाहिलंत. या आकड्याला कीवर्ड डिफिकल्टी किंवा केडी म्हणतात. एएचरेफ्सने १२ दिले, सेमरशने ३८ आणि गूगलच्या जाहिरातींसाठीच्या कीवर्ड प्लॅनरने 'हाय', म्हणून तुम्ही गोंधळलात.

प्लॅनर आधी बाजूला ठेवा. त्यातलं लो-मीडियम-हाय म्हणजे त्या शब्दावर जाहिरात लावणाऱ्यांची चढाओढ. जाहिरातीशिवाय येणाऱ्या निकालांशी त्याचा संबंध नाही.

उरलेल्या दोघांच्या फूटपट्ट्याच वेगळ्या. एएचरेफ्स फक्त एवढंच बघतं की गूगलच्या निकालात पहिल्या दहा क्रमांकांवर असलेल्या पानांना किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिली आहे. सेमरश लिंकसोबत डोमेनची (म्हणजे अख्ख्या साइटची) ताकद आणि इतर गोष्टीही धरतं. एएचरेफ्सच्या पट्टीत ११ ते ३० म्हणजे मध्यम, सेमरशच्या पट्टीत ३० ते ४९ म्हणजे जमण्यासारखं. थोडक्यात, दोघं जवळपास एकच सांगताहेत! आकडा नेहमी त्याच टूलमधल्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघा. आणि हो, ही पट्टी सरळ चढत नाही. एएचरेफ्समध्ये ४० ला साधारण ५५ साइट्सच्या लिंक लागतात, ८० ला साडेतीनशेच्या आसपास. गूगल स्वतः यातला कुठलाच आकडा वापरत नाही.

खरी गफलत कमी आकड्यात असते, मराठी कीवर्डमध्ये तर जास्तच. मराठी पानांना लिंक मुळात कमी, त्यामुळे केडी ० किंवा २ सर्रास दिसतो. म्हणून जागा मोकळी आहे असं नाही. 'उकडीचे मोदक' शोधणाऱ्या बहुतेकांना पाककृती हवी असते. तिथे यूट्यूब आणि रेसिपीच्या साइट्स असतील तर तुमचं ऑर्डरचं पान वर येणं कठीण, केडी काहीही असो. शिवाय मोठ्या साइटचं एखादं पान स्वतःला एकही लिंक नसताना डोमेनच्या जोरावर टिकतं. फक्त लिंक मोजणाऱ्या आकड्यात ते दिसत नाही.

म्हणून टूलमध्ये देश भारत निवडा, मग ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत तोच शब्द स्वतः शोधा. देवनागरीत एकदा, 'ukdiche modak', 'modak near me' असं लोक इंग्रजी अक्षरांत टाइप करतात तसं एकदा. दोन्हीकडे निकाल वेगळे येतात. पहिल्या दहात तुमच्याएवढ्या दोन-तीन छोट्या साइट्स विक्रीच्या पानासह दिसल्या तर लागा कामाला. नुसते झोमॅटो, जस्टडायल दिसले तर शब्द लांबवा: 'उकडीचे मोदक ऑर्डर दादर'. अशा शोधात वर नकाशा आला तर लढाई वेबसाइटची कमी आणि गूगल बिझनेस प्रोफाइलची, म्हणजे नकाशावरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीची, जास्त. तिथे अंतर, योग्य कॅटेगरी आणि रिव्ह्यू चालतात. केडी त्यातलं काहीच मोजत नाही.

तुमच्या धंद्यात व्हॉल्यूम, म्हणजे महिन्याला किती वेळा शोध होतो तो आकडाही फसवतो. प्लॅनर बारा महिन्यांची सरासरी देतो, मोदकांचा शोध मात्र गणपतीच्या सुमारास उसळतो. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा पान जूनपर्यंत साइटवर टाका. दरवर्षी नवं पान काढू नका. पानाच्या वेब पत्त्यात (यूआरएलमध्ये) वर्ष न घालता तेच पान ठेवा आणि भाव, ऑर्डरची शेवटची तारीख तेवढी बदला, म्हणजे मिळालेल्या लिंक वाया जात नाहीत.

पान साइटवर टाकल्यावर गूगलच्या सर्च कन्सोल या टूलमध्ये, कोणत्या शब्दांवर तुमचं पान ८ ते २० क्रमांकावर येतंय ते पाहा. पुढचे कीवर्ड तिथूनच निवडा.